जीभ, कानाची पाळी आणि दूध

मुरुडच्या एका शाळेत आनुवंशिकतेचा एक तक्ता आमच्या पाहण्यात आला. विद्यार्थ्यांनी घरी विचारून तो भरला होता. डावीकडे गुण, पुढे आजी, आजोबा, आई, वडील आणि स्वतः. जीभ गुंडाळता येते का? कानाची पाळी सुटी की चिकटलेली? आणि शेवटी, दूध पचते का? 'होय'पुढे 'प्रभावी' आणि 'नाही'पुढे 'अप्रभावी, दोष' असे लिहिलेले. वाटाण्याच्या उंच-बुटक्या झाडांवर न थांबता शिक्षकांनी घरातली उदाहरणे घेतली, हे आम्हांला आवडले. तक्ता मात्र पटला नाही.

एका मुलीच्या ओळीत जिभेपुढे 'होय' होते. आईवडिलांपुढे 'नाही'. वडिलांचे 'नाही' खोडून तिने नंतर 'होय' केले होते. खोडलेले अक्षर स्पष्ट दिसत होते. नियमाप्रमाणे दोन अप्रभावी पालकांना प्रभावी गुणाचे मूल होऊच शकत नाही. मग चूक कोणाची? तेरा वर्षांच्या मुलीने यातून काय काय तर्क केले असतील, याची कल्पना करवत नाही.

चूक उदाहरणाची आहे. जिभेचा हा नियम अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये सुचवला. जनुकांचा पहिला नकाशा काढणारे ते हेच. पुढे १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांची तपासणी झाली, तेव्हा काही जोड्यांत एकाला जीभ गुंडाळता येई, दुसऱ्याला नाही. जनुके तीच, गुण वेगळा! हे उदाहरण पुस्तकांत अजून सिद्ध म्हणून छापले जाते याचा संकोच वाटतो, अशी कबुली स्टर्टेव्हंट यांनीच १९६५ मध्ये दिली. कानाच्या पाळीचेही तसेच. तिच्यामागे डझनावारी जनुके आहेत आणि 'सुटी' व 'चिकटलेली' यांच्यामध्ये सर्व पायऱ्या सापडतात.

दुधाची ओळ या दोन्हींहून सरस आहे, कारण तिच्यामागचा जनुक खरोखरच ठाऊक आहे. दुधातील लॅक्टोज ही शर्करा लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर फोडते. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये ते भरपूर असते. पुढे बहुतेक माणसांत ते घटत जाते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे, म्हणून 'दोष' हा शब्द काढून टाकावा. अपवाद आहेत ते मोठेपणीही लॅक्टेज टिकवून धरणारे. २००२ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून त्याचे कारण कळले. लॅक्टेजचा जनुक शाबूत असतो. त्याच्या १३,९१० अक्षरे अलीकडे, शेजारच्या जनुकाच्या हद्दीत, एका 'सी'च्या जागी 'टी' आलेला असतो. बदललेले असते ते बटण. एका पालकाकडून आलेला एक 'टी' पुरतो, म्हणून 'प्रभावी' हा शब्द येथे योग्यच.

पण अक्षर एकच नाही. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत तोच गुण जवळच्याच वेगळ्या बदलांमुळे आलेला दिसला. भारतात मात्र, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार, मुख्यतः युरोपातलाच 'टी' आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे त्याचे प्रमाण घटत जाते. मुरुडसमोरच जंजिरा उभा आहे. त्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. एवढ्या समुद्रवाटा जिथे येऊन मिळाल्या, तिथे प्रत्येक 'होय'मागे एकच जनुकभेद धरून चालणे धाडसाचे आहे.

त्याहून मोठी अडचण प्रश्नाचीच आहे. 'दूध पचते का?' याचे उत्तर लॅक्टेजचे मोजमाप नव्हे. लॅक्टेज घटलेल्या अनेकांना जेवणाबरोबर कपभर दूध बाधत नाही. वयाचाही प्रश्न आहे: लॅक्टेज काही समाजांत लहानपणीच ओसरते, तर काहींत किशोरवयापर्यंत टिकते. आज 'होय' लिहिणारा मुलगा विशीत 'नाही' लिहील. त्याच्या आईवडिलांपुढे 'नाही' असेल, तर खोडरबर पुन्हा निघणार.

एका विद्यार्थ्याने आजीपुढे 'दूध नाही, ताक चालते' असे लिहिले होते आणि शिक्षकांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढले होते. आमच्या मते साऱ्या तक्त्यातले सर्वांत मोलाचे निरीक्षण तेच. विरजणातील जीवाणू थोडे लॅक्टोज आधीच संपवतात आणि ताक पाणी घालून पातळ केलेले असते. दुसऱ्या एकाने 'सोलकढी पचते' म्हणून 'होय' लिहिले होते. नारळाच्या दुधात लॅक्टोज नसतेच. पण वर्गात हसू पिकवून हे सांगण्यासारखी संधी दुसरी कोणती?

तक्त्यात वयाचा रकाना घालावा, जीभ व कान काढावेत आणि 'होय-नाही'ऐवजी मुलांनी घरची माणसे काय सांगतात ते जसेच्या तसे लिहावे. नियमाचे उदाहरण हवेच असेल तर रक्तगट घ्यावेत, पण तेही घरच्यांची माहिती न मागता, काल्पनिक कुटुंबे घेऊन. कारण मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाची व्यक्ती साध्या तपासणीत 'ओ' ठरते, आणि तिचे मूल 'ए' किंवा 'बी' असू शकते.