बनगरवाडीची शाळा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशातल्या धनगरांची कादंबरी अशी तिची ओळख आहे आणि ती खरीही आहे. मला मात्र ती एका शाळेची कादंबरी म्हणून अधिक भावते. औंध संस्थानातल्या आडवळणाच्या वाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो आणि वाडी ओस पडल्यावर निघून जातो. कथानक एवढंच. गावाचा शैक्षणिक इतिहास आपण बहुधा पटसंख्येत आणि निकालात शोधतो. माडगूळकर तो मेंढरांच्या वाडग्यात शोधतात.

पोरं शाळेत येत नाहीत, कारण मेंढरामागं कुणीतरी जायलाच हवं. मास्तरच्या खिशात शिक्षण खात्याचा हुकूम असतो, पण वाडीत चालतो तो म्हाताऱ्या कारभाऱ्याचा शब्द. त्याचं मन वळतं तेव्हा शाळा भरते. दोन सत्तांचा हा सांधा माडगूळकरांनी कुठेही भाष्य न करता दाखवला आहे. निवेदन साध्या प्रमाण मराठीत आणि माणसं बोलायला लागली की माणदेशी, या विणीतच तो दिसत राहतो. लिहिता-वाचता येणारा मास्तर एका भाषेत विचार करतो आणि वाडी दुसऱ्या भाषेत जगते. हळूहळू तो वाडीची पत्रं लिहितो, बाजारची कामं करतो, भांडणांत मध्यस्थी करतो. शाळेच्या खोलीत बाराखडीपेक्षा गावच्या अडीअडचणीच जास्त घोटल्या जातात. चोर म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेला आनंदा रामोशी, वाकड्या तोंडाचा दादू बालट्या, आयुब ही माणसं मास्तरला जे शिकवतात ते कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हतं. कारभाऱ्याची पोर अंजी आणि तिच्या चोळीचं निमित्त होऊन उठलेली कुजबूज, त्यातून कारभाऱ्याचं मास्तरशी बिनसणं, हाही त्या शिक्षणाचाच एक धडा. गाव जीव लावतं तितक्याच सहज पाठ फिरवतं, हे मास्तरला तिथे कळतं.

कादंबरीतलं एक चित्र मनातून जात नाही. वाडीतल्या शेकूला औताला बैल कमी पडतो आणि त्याची धिप्पाड बायको बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेते. माडगूळकर हातात कुंचलाही धरणारे लेखक. इथे त्यांनी रेषा मोजक्याच ओढल्या आहेत. कळवळ्याचं एक विशेषण नाही, उद्गार नाही. बाई ओढते, नवरा औत धरतो, जमीन उलगडत जाते. बैलाच्या किमतीपुढे माणसाच्या, त्यातही बाईच्या, श्रमाचं मोल काय होतं, हे शेतीच्या अर्थकारणावरच्या जाडजूड प्रबंधातही इतकं लख्ख दिसणार नाही. एक उणीव मात्र सांगायलाच हवी. या बायकांच्या मनात कादंबरी फारशी शिरत नाही. मास्तरच्या नजरेला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला मिळतं, आणि अंजी, शेकूची बायको यांच्याविषयी आणखी जाणून घ्यायची तहान तशीच राहते.

पुढे वाडीत तालीम बांधली जाते. तो भाग वाचताना औंधचा इतिहास जवळ ठेवावा. भवानराव पंतप्रतिनिधी हे औंधचे सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले, चित्रकलेत रमणारे राजे. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली आणि ग्रामपंचायतींना तिचा पाया केलं. बनगरवाडीत तालीम उभी राहते आणि खुद्द राजे येतात, त्यामागे हा काळ आहे. वाडीकडे पैसा नाही, म्हणून माणसं अंगमेहनत देतात. राजाच्या हौसेतून आलेली कल्पना आणि धनगरांचा घाम यांतून एक इमारत उभी राहते, तेव्हा वाडी प्रथमच स्वतःकडे गाव म्हणून पाहते. मला हा कादंबरीचा कळस वाटतो.

आणि मग पाऊस येत नाही. चारा संपतो, मेंढरं मरू लागतात, माणसं जगायला बाहेर पडतात. कष्टानं बांधलेली तालीम जागेवर राहते, पण तिच्यात घुमायला पोरं उरत नाहीत. शाळेचंही तेच. मास्तरच्या शिकवण्यात कसूर नव्हती, कारभाऱ्यानं शब्द पाळला होता, राजाची मर्जी होती. तरी शाळा मोडली, कारण तिचा सगळा भार मेंढरांवर आणि मेंढरांचा पावसावर होता. खेड्यातली शाळा का टिकत नाही, याचं इतकं प्रामाणिक उत्तर मराठीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पुढे १९९५ साली अमोल पालेकरांनी या कादंबरीवर चित्रपट केला. तो जरूर पाहावा, पण आधी पुस्तक वाचावं. ते लहान आहे, एका बैठकीत संपतं. छोट्या वाडीवर पहिली नेमणूक मिळालेल्या शिक्षकांनी तर रुजू होण्याआधीच ते वाचावं, आणि त्यांच्या बदल्या ठरवणाऱ्या साहेबांनीही.