तेरड्याची पुष्पिका

पोथीच्या अखेरीस लेखक, स्थल व काल सांगणाऱ्या मजकुरास आपण पुष्पिका म्हणतों. वनस्पतिसंग्रहांत वाळविलेल्या फुलास जोडलेली चिठ्ठी ही अक्षरशः पुष्पिकाच होय. परंतु पोथीस आपण लावितों ती कसोटी या चिठ्ठीस क्वचितच लाविली जाते.

तेरड्याचेंच उदाहरण घेऊं. लिनियसानें १७५३ त ज्यास इंपेशन्स बाल्समिना म्हटलें, तें हें रोप मूळचें आपल्याकडील. पनवेलच्या बाजूस तें रानांत उगवतें, अंगणांतही लावितात आणि गौरी म्हणून पूजितात. अंगणांतलें बीज बांधावर गेलें कीं बागेचें कोणतें व रानाचें कोणतें, हें वाळलेल्या फुलावरून नेहमींच ठरत नाहीं. तें चिठ्ठीनेंच सांगावयाचें. ती केवळ गांव व महिना देत असेल, तर तीवरून ‘येथें तेरडा रानटी होता’ असें अनुमान काढणें निराधार होय.

स्थलनिर्देशही तपासूनच घ्यावा. एकोणिसाव्या शतकांतील स्टॉक्स, लॉ आदिकरून संग्राहकांच्या नमुन्यांवर ‘मलबार, कोंकण इत्यादि’ अशी छापील चिठ्ठी आढळते. इतक्या विस्तीर्ण प्रदेशांतून पनवेल शोधून काढणें म्हणजे स्थल नसलेल्या पोथीस आपलें गांव चिकटविणें होय. उलट, जुन्या चिठ्ठीवर पनवेल ठाणें जिल्ह्यांत दिसल्यास ती चूक मानूं नये. १८८३ पर्यंत तें त्याच जिल्ह्यांत होतें. पुढें तें कुलाब्यांत गेलें व १९८१ त कुलाब्याचें रायगड झालें.

आणखी दोन प्रमाद वारंवार घडतात. मागाहून नांव निश्चित करणाऱ्या पंडिताची तारीख फूल खुडल्याची तारीख म्हणून घेतली जाते. हा मूळ लेखक व शोधक यांचे हात एक मानण्याचा प्रकार. तसेंच एकाच खुडणीचे नमुने अनेक संग्रहांत वांटलेले असतां ते स्वतंत्र पुरावे म्हणून मोजले जातात. एका मूळ प्रतीच्या चार नकला म्हणजे चार साक्षीदार नव्हेत.

गुणही सांगितला पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञ संग्राहकाच्या नांवापुढें उद्गारचिन्ह घालून ‘हा नमुना मीं स्वतः पाहिला’ असें कळवितात. कुकसाहेबाच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत (१९०१–१९०८) ही शिस्त दिसते. आपल्या कित्येक ऐतिहासिक लेखांत पाहिलेलें व ऐकलेलें एवढेंही वेगळें केलेलें नसतें.

ही चिकित्सा निव्वळ हौसेची नाहीं. २०२५ त उद्घाटन झालेल्या नव्या मुंबईच्या विमानतळासाठीं पनवेलजवळील उलव्याची टेकडी छाटली गेली. तेथें काय फुलत होतें, हें आतां टेकडीस विचारतां येत नाहीं. विचारावयाचें तें कपाटांतील कागदांस. म्हणून आज जो कोणी फूल दाबून ठेवील त्यानें गांव, वाडी, तिथि, आपलें नांव आणि ‘रानटी’ कीं ‘लाविलेलें’ हा एक शब्द अवश्य लिहावा. मूळ नष्ट झाल्यावर पुष्पिकाच काय ती साक्ष उरते.