अण्णाभाऊंचा रशिया आणि एक शिक्का

सोव्हिएत संघराज्य १९९१ साली मोडले. पण त्याला ‘सर्वंकष हुकूमशाही’ म्हणावे की नाही, हा वाद काही मिटला नाही. अण्णाभाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचताना तो मला पुन्हा आठवला. वाटेगावच्या गावकुसाबाहेर जन्मलेले हे शाहीर १९६१ साली तिकडे सन्मानाने हिंडले. त्यांचा आनंद खोटा नव्हे. मात्र पाहुण्याला यजमान दिवाणखाना दाखवतो, अडगळीची खोली नव्हे.

म्हणून पुस्तक बाजूला सारावे काय? आमच्या मोरगावचे मयूरेश्वराचे देऊळ मिनारांमुळे दुरून मशिदीसारखे भासते. आत गेल्यावर गणपती भेटतो. राज्याचीही पारख बाहेरच्या शिक्क्यावरून करू नये. तिथल्या लेखकाला काय छापता येते, ते पाहावे. स्टालिनच्या अमदानीत कवी मांडेलस्टाम १९३८ साली कैद्यांच्या छावणीत मेला. १९६२ साली मात्र छावणीतल्या एका दिवसाची सोल्झेनित्सिनची कथा मॉस्कोच्या मासिकात उघडपणे छापली गेली. पुढे १९७४ साली त्यालाच देशाबाहेर घालवले.

माझ्या मते ‘सर्वंकष’ हा शब्द स्टालिनच्या राज्याला चपखल बसतो. हाना आरेंट या विदुषीने १९५१ साली या सत्तेची मीमांसा केली. तिनेही स्टालिननंतरच्या रशियाला तो शब्द पुरता लागू धरला नाही. नंतरची राजवट एकपक्षी, दंडेलीचीच. पण भीतीची मूठ सैल झालेली. दोन्हींना एकच शब्द लावला, तर छावणीतले मरण आणि हद्दपारी एकाच मापाची ठरतात. अण्णाभाऊंनी पाहिलेला रशिया या दोहोंच्या मधला आहे. तसाच तो वाचावा.