‘कुठून उचलले?’ या प्रश्नाच्या पुढे

विज्ञानपट पाहून बाहेर पडलेला आपला प्रेक्षक सर्वांत आधी ‘हे कुठून उचलले?’ असे विचारतो. 27 जून 2024 रोजी नाग अश्विन यांचा ‘कल्कि 2898 एडी’ प्रदर्शित झाला, तेव्हा फर्दापूरच्या टी-पॉइंटवरही हाच वाद रंगला. अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकांची वाहने जिथे थांबतात, तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर हिंदी आवृत्ती पाहून आलेल्या तरुणांचे सरळ दोन तट पडले. वाळवंट ‘ड्यून’चे, गाड्या ‘मॅड मॅक्स’च्या, शस्त्रे ‘स्टार वॉर्स’ची, मग आपले काय, असे एकाचे म्हणणे. अश्वत्थामा हॉलिवूडवाले कुठून आणणार, हा दुसऱ्याचा सवाल.

पहिल्या तटाचा संशय अनाठायी नाही. परदेशी चित्रपटाचा आराखडा घ्यायचा, ऋण मान्य करायचे नाही आणि प्रेक्षकाला कळणार नाही असे धरून चालायचे, हे आपल्याकडे वर्षानुवर्षे झाले आहे. आता तीच मूळ कृती प्रेक्षकाच्या हातातल्या मोबाइलवर असते. त्याची फसवणूक होत नाही, हे चांगलेच आहे. पण उगम सापडला की समीक्षा संपली असे मानणे मला धोक्याचे वाटते, कारण उगमाचा शोध अनेकदा भलतीकडे नेतो. 2003 च्या ‘कोई... मिल गया’वर स्पीलबर्ग यांच्या 1982 च्या ‘ई. टी.’ची छाया आहे, हे आपण सगळे म्हणालो. परंतु त्याही आधी, 1967 मध्ये, सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली होती. कोलंबिया ही अमेरिकी कंपनी ती करणार होती. चित्रपट झालाच नाही. राय यांच्या पटकथेत परग्रहावरचे यान बंगालमधल्या एका खेड्याच्या तळ्यात उतरते आणि गावकऱ्यांना वाटते, पाण्यातून देऊळ वर आले. पुढे ‘ई. टी.’ आणि या पटकथेतली साम्ये चर्चेत आली. स्पीलबर्ग यांनी उचलेगिरीचा आरोप नाकारला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, तळ्यातल्या यानाला देऊळ समजणारे गाव मात्र राय यांचेच राहते. परग्रहवासी कोणालाही सुचेल. ते गाव सुचायला ते गाव ठाऊक असावे लागते.

मौलिकतेचा विचार करायला फर्दापूरहून चांगली जागा नाही, कारण चार किलोमीटरवर याच प्रश्नाचे उत्तर भिंतींवर रंगवलेले आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीची छद्दंत जातककथा अजिंठ्यात दोनदा आहे. दहाव्या लेण्यात ती इसवी सनापूर्वीच्या चित्रकारांनी रंगवली, सतराव्या लेण्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी. भारहूत आणि सांचीच्या शिल्पकारांनीही ती कोरली. पूर्वजन्मीचा मत्सर मनात ठेवून राणी हत्तीचे सुळे मागवते आणि ते समोर आल्यावर तिला ते दुःख सोसत नाही. शेवट आधीच माहीत असलेल्या भिक्षूंसाठी आणि उपासकांसाठी चित्रकार काम करत होते. त्यांचे कसब कथा नवी काढण्यात नव्हते, ती मांडण्यात होते. कला-इतिहासकार विद्या देहेजिया यांनी दाखवून दिले आहे की अजिंठ्यातल्या कितीतरी भिंतींवर प्रसंग काळाच्या क्रमाने येत नाहीत, स्थळाच्या क्रमाने येतात. अरण्यात घडलेले सगळे एकीकडे, राजवाड्यातले दुसरीकडे. मग ते आधीचे असो की नंतरचे. पाहणाऱ्याने नजर फिरवत कथा स्वतः जुळवायची. ही कथनाची मौलिकता आहे, आणि पटकथेलाही हीच कसोटी लागू पडते.

या कसोटीवर ‘कल्कि’ पाहिला तर दोन्ही तटांना थोडे थोडे मान्य करावे लागते. अश्वत्थामा ही केवळ पुस्तकातून आलेली व्यक्तिरेखा नव्हे. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा चिरंजीव मराठी घरांत लहानपणीच भेटतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते, आणि बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही तो येतो अशी श्रद्धा आहे. चित्रपटाने या लोकश्रद्धेला एक विलक्षण वळण दिले. उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडणारा हा योद्धा हजारो वर्षांनी दुसऱ्या एका गर्भाचा राखणदार होतो. पापाचे परिमार्जन आणि कथेची गती इथे एकच झाली आहे. ही कल्पना ‘ड्यून’मध्ये नाही, ती महाभारत जगलेल्या समाजातच सुचू शकते.

अडचण भोवतालच्या जगात आहे. काशी हे पृथ्वीवरचे शेवटचे शहर, वर तरंगणारा ‘कॉम्प्लेक्स’ सगळे पाणी-हिरवळ शोषून घेतो, असे आपल्याला सांगितले जाते. पण काशीत माणसे सकाळी पाणी कुठून भरतात, घाटांचे काय झाले, गंगा आटल्यावर अंत्यसंस्कार कसे होतात, याकडे पटकथा फार थोडे लक्ष देते. नायक भैरवाच्या विनोदी मारामाऱ्यांना मात्र मुबलक वेळ मिळतो. म्हणून ते शहर उसने वाटते. चित्रचौकटी इतर चित्रपटांसारख्या दिसतात हे त्याचे वरवरचे कारण. शहराच्या नियमांतून प्रसंग निपजत नाहीत हे खरे कारण. उसनेपणाची तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाला बहुधा हीच उणीव जाणवते, फक्त तो तिला ‘कॉपी’ म्हणतो.

मराठी पडद्यावर घेतलेली कल्पना रुजल्याचीही उदाहरणे आहेत. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (1993) विज्ञानपट नाही आणि त्याचे मूळ अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये आहे, हे सर्वज्ञात आहे. पण खुन्याचा आत्मा शिरलेली बाहुली शब्दभ्रमकाराच्या हाती देताच कथेला स्वतःचे बळ आले. बोलक्या बाहुलीचे खेळ पाहिलेल्या प्रेक्षकासमोर बाहुली स्वतःहून बोलू लागते, ही भीती इथली होती. उलट सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (2016) हा मराठीतला दुर्मीळ, धाडसी विज्ञानपट. आवडत्या मुलीची आभासी प्रतिमा उभी करणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ही कल्पना काळाच्या पुढची होती. एखाद्या मुलीची प्रतिमा तिच्या संमतीशिवाय घडवायची का, हा प्रश्न आज प्रत्येक घराच्या दाराशी आला आहे. पटकथेने तो शेवटपर्यंत नेला असता, तर ‘हर’ या हॉलिवूडपटाशी तुलना करण्याची गरजच कोणाला वाटली नसती.

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती मराठी विज्ञानकथेकडे मराठी चित्रपटाने फिरवलेल्या पाठीची. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद ‘केरळ कोकिळ’ मासिकात 1900 मध्येच आला होता. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. खरे लेखक खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती. त्यांच्यासोबत आणि पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी हा प्रवाह मोठा केला.

नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. पुण्याहून मुंबईला निघालेला इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात पोचतो, जिथे 1761 मध्ये मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे चाटून जाते आणि पुढचे सगळे बदलते. प्राध्यापक ग्रंथालयात बसून स्वतःच्याच पुस्तकात वाट कुठे फुटली ते शोधतो. पानिपताची जखम वागवणाऱ्या भाषेतच ही कथा जन्मू शकते, आणि तिच्यातले विज्ञान काढून घेतले तर कथाच उरत नाही. चित्रीकरणाला काय लागेल? आगगाडीचा डबा, ग्रंथालय, आझाद मैदानावरची सभा. पैशांअभावी विज्ञानपट होत नाहीत, हे कारण इथे टिकत नाही.

ते कारण नागपूरच्या आरती कडव यांनीही हिंदीत खोटे ठरवले आहे. त्यांचा ‘कार्गो’ 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. माणसांशी तह झालेले राक्षस ‘पुष्पक’ नावाच्या यानात नोकरी करतात. नुकत्याच मेलेल्या माणसांची दुरुस्ती करून, आठवणी पुसून त्यांना पुनर्जन्माला पाठवतात. यान साधे आहे, यंत्रे जुनाट दिसतात, मध्यंतरानंतर नाट्य थोडे सैलावते. तरीही या जगाला स्वतःचे नियम आहेत आणि प्रत्येक प्रसंग त्या नियमांतून उगवतो. मृत्यूनंतरचे कार्यालय अनेकांनी दाखवले असेल. पुनर्जन्म गृहीत धरणाऱ्या समाजाचे कार्यालय असे असते, हे कडव यांनी दाखवले.

म्हणून प्रेक्षकांनी वाद जरूर घालावा, अधिक कडकपणे घालावा. ‘कुठून घेतले?’ हा प्रश्न विचारावा आणि ऋण लपवणाऱ्याला सोडू नये. पण त्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारावेत. मूळ वैज्ञानिक कल्पना काढून टाकली तर कथा कोसळते का? आणि हीच कथा दुसऱ्या कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत जशीच्या तशी घडली असती का? या दोन प्रश्नांना उत्तर देणारी पटकथा लिहायला मराठी निर्मात्यांना परदेशी चित्रपट चाळायची गरज नाही. नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. त्यांच्या कथा हाती आहेत आणि त्या पडद्यावर आणण्याची जबाबदारी आता आपली आहे.