‘जनतेने नाकारलं’ असं लिहिण्याआधी

रोह्याच्या एका विद्यार्थिनीने तिचा संशोधन आराखडा मला वाचायला पाठवला. त्यातलं एक वाक्य असं: ‘2008 च्या जनमत चाचणीत पेणच्या जनतेने प्रचंड बहुमताने सेझ नाकारला.’ वाक्य चुकीचं नाही, पण संशोधनात ते टिकणारही नाही. अशीच वाक्यं मीही पूर्वी बिनधास्त लिहिली आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत मतदान झालं. रिलायन्सच्या महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी ‘नाही’ म्हटलं. आता त्या वाक्यातला एकेक शब्द तपासा.

‘पेणची जनता’ म्हणजे नक्की कोण? मत विचारलं होतं ज्यांची जमीन जाणार त्यांना. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकऱ्याची बायको, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर, वाडीवरचा भूमिहीन कातकरी, यांना जमीन गेल्याची झळ बसणारच होती, पण मत नव्हतं. शिवाय प्रकल्प पेण, उरण आणि पनवेल अशा तीन तालुक्यांत पसरलेला होता आणि मतदान फक्त 22 गावांत झालं.

‘बहुमत’ कशाचं? झालेल्या मतदानाचं की एकूण खातेदारांचं? छेद बदलला की टक्केवारी बदलते. दारूबंदीच्या मतदानाशी तुलना करून बघा. तिथे ‘आडवी बाटली’ला एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई नकळत ‘उभ्या बाटली’ला मदत करते. हा नियम मतदानाआधी माहीत असणं किती गरजेचं आहे, ते सांगायला नको. पेणला न आलेल्यांचं मौन कोणत्या बाजूला धरायचं? भीती, कंटाळा, संमती की बहिष्कार? आकडा ते सांगत नाही. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं.

आणि ‘नाकारला’? गोव्याचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल संसदेने केलेल्या कायद्यानुसार झाला होता. पेणच्या मतदानाला तसा आधार नव्हता. 1894 च्या भूसंपादन कायद्यात शेतकऱ्यांचं मतदान घेण्याची तरतूदच नव्हती. त्यामुळे कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. पुढे भूसंपादन बारगळलं, पण त्याचं सगळं श्रेय एका दिवसाच्या मतदानाला देणं म्हणजे एन. डी. पाटलांसारख्यांच्या नेतृत्वाखाली चाललेली लढाई आणि कायद्यातली मुदत, दोन्ही गाळून टाकणं.

मग हे मतदान निरुपयोगी होतं का? अजिबात नाही. जमीन घेण्याआधी शेतकऱ्याला मतपेटीतून विचारणं हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. पण म्हणूनच ते नेमकं मांडायला हवं. विद्यार्थिनीला मी हे वाक्य सुचवलं: ‘22 गावांतल्या, मतदानाला आलेल्या खातेदारांपैकी बहुसंख्यांनी जमीन देण्यास विरोध नोंदवला.’ ती म्हणाली, ‘सर, जोर कमी झाला.’

झाला, खरंय. पण या वाक्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. आणि वाचणारा लगेच विचारेल, ‘बाकीच्यांचं काय?’ तिच्या संशोधनाचा खरा प्रश्न तोच आहे.