सातशे टक्क्यांचा हिशेब

पीकसंशोधनावर सरकारने पैसा का खर्चावा, असे कोणी विचारले की एक आकडा हमखास पुढे येतो: ७०० टक्के परतावा. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ साली आपल्या देशातील संकरित मक्याच्या संशोधनाचा जमाखर्च मांडला, त्यातला हा आकडा. मूळ लेख आजही वाचण्यासारखा आहे. तक्रार आहे ती आकडा तेवढा उचलण्याबद्दल.

ग्रिलिचेस यांनी १९१० पासूनचा सरकारी व खाजगी संशोधनखर्च चक्रवाढ व्याजाने १९५५ पर्यंत आणला. वाढीव मक्याच्या किमतीतून महाग बियाण्याचा जादा खर्च वजा केला आणि मागचे-पुढचे सारे लाभ कायमच्या वार्षिक उत्पन्नात मांडले. साठलेल्या खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे दरवर्षी निदान ७ डॉलर आले. परंतु हा बँकेच्या व्याजासारखा दर नव्हे. त्या अर्थाने जवळचा असा अंतर्गत परताव्याचा दर त्यांनीच ३५ ते ४० टक्के दिला आहे. तो मात्र क्वचितच सांगितला जातो.

दुसरी मर्यादा निवडीची. संकरित मका हे गाजलेले यश होते. इतरत्र वाया गेलेल्या प्रयत्नांचा खर्च या हिशेबात येत नाही. पहिल्या आलेल्या मुलाचे गुण सांगून साऱ्या शाळेचा निकाल ठरवता येईल का?

आता ४० टक्केही तपासू. वर्गात हे गणित जरूर घालावे: १ रुपया ४० टक्के चक्रवाढीने ५० वर्षे ठेवला तर सुमारे २ कोटी रुपये होतात, १० टक्क्यांनी सुमारे ११७ रुपये. अंतर्गत दर व्याजासारखा वाचला, तर दरवर्षीचा लाभ पुन्हा तितक्याच दराने गुंतवता येतो असे धरावे लागते. व्यवहारात तसे घडत नाही. हर्ली, राव व पार्डी यांनी २०१४ साली ही त्रुटी दूर करून जगभरच्या कृषिसंशोधनाचे जुने अंदाज पुन्हा काढले. त्यांचा मध्यक वर्षाला ३९ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आला.

म्हणजे संशोधन तोट्याचे ठरले का? मुळीच नाही. दीर्घकाळ १० टक्क्यांच्या आसपास परतावा हे चांगलेच उत्पन्न आहे. पण सातशेवर बांधलेली बाजू पहिल्याच तपासणीत ढासळते, आणि तिच्याबरोबर संशोधनाच्या निधीवरचा विश्वासही. टक्का दिसला की ‘कशाचा टक्का?’ हे विचारायची सवय विद्यार्थ्यांना लावलेली बरी.