परक्या हाताचा स्पर्श

वाद्याची पारख करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की त्यातून निघणारा नाद कोणाच्या इच्छेने निघतो? तबल्याची शाई हाताची वाट पाहते. घरी जुळविलेल्या विद्युत् स्पर्शवाद्यांच्या बाबतीत मात्र हा साधा प्रश्न वादग्रस्त होऊन बसला आहे.

माझ्या भाच्याने तांब्याच्या आठ पट्ट्यांचे असे एक वाद्य बांधले. बॅटरीवर ते शहाण्यासारखे वाजे. एका संध्याकाळी बॅटरी उतरली, म्हणून त्याने मोबाइलचा एक स्वस्तातला चार्जर जोडला. आणि कोणी हात न लावताच स्वर उमटू लागले. एका पट्टीला बोट लावावे, तर तीन बोलत. ‘मामा, हाही एक आविष्कारच समजा,’ असा त्याचा बचाव. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. बोट टेकताच पट्टीची विद्युत् धरून ठेवण्याची शक्ती अत्यल्प प्रमाणात वाढते; ती वाढ मोजून वाद्य स्पर्श ओळखते. चार्जर घरातील 230 व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तिचे 5 व्होल्ट करतो. त्या तोडजोडीचा कल्लोळ आतील कपॅसिटरमधून थोडाफार पलीकडे झिरपतोच. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसते. त्यामुळे वाद्याचे अवघे मंडल जमिनीच्या मानाने हेलकावे खाऊ लागते. वादक जमिनीवर स्थिर आणि वाद्य झोक्यावर! मग बोट कोणते आणि हेलकावा कोणता, हे वाद्याला उमगत नाही. चार्जरला लावलेल्या फोनचा पडदा कधीकधी आपोआप चाळवतो, तोही याच कारणाने.

आता बचावाकडे वळू. मिशेल वाइसविश या डच कलावंताने 1970 च्या दशकात ‘क्राकडोस’ नावाची पेटी लोकांपुढे आणली. सहा धातूच्या पट्ट्या, लहानसा कर्णा आणि 9 व्होल्टची बॅटरी, एवढाच तिचा संसार. वादकाची त्वचाच मंडलाचा एक भाग बनते. पेटी किंचाळते, कुरकुरते, आणि पुढचा स्वर कोणता हे वादकालाही पुरते ठाऊक नसते. अनियमितता तिथे कला ठरते, मग इथे का नाही, असे कोणी विचारील. उत्तर असे, की क्राकडोसचा लहरीपणा बोटाशी बांधलेला आहे. दाब वाढवा, घाम येऊ द्या, नाद बदलतो. बोट उचला, संवाद तुटतो. चार्जरचा कल्लोळ वादकाचे काही ऐकत नाही. तो आपलेच म्हणणे रेटतो.

तंबोऱ्याची जवारीही झंकारतेच, हे मला मान्य आहे. परंतु ती झंकार घोडीवर सुताचा धागा सरकवून, कान लावून कमावलेली असते. कमावलेला झंकार आणि घुसलेली घुरघुर यांना एकाच न्यायाने तोलता येणार नाही.

शिवाय एक गंभीर बाजू आहे. स्पर्शवाद्यात वादकाचा देह विजेच्या मंडलात गुंतलेला असतो. निकृष्ट चार्जरचे आतील आवरण ढासळले, तर प्रश्न सुराचा न राहता जिवाचा होतो. म्हणून घरगुती वाद्याला बॅटरी हेच योग्य अन्न. तिच्यावर स्पर्शाची जाण किंचित मंदावते खरी. पण दुसऱ्या हाताने धरण्यासाठी मंडलाच्या ऋण टोकाला जोडलेली एक पट्टी दिली, की ती उणीव बव्हंशी भरून निघते.

भाच्याने तशी पट्टी बसविली. आता वाद्य कोणी शिवले नाही तर गप्प राहते. माझ्या मते, त्याच्या कारागिरीला मिळालेले हे पहिले खरे प्रशस्तिपत्र होय. कारण ज्या वाद्याला मौन पाळता येते, त्याच्याच बोलण्यावर विश्वास ठेवता येतो.